जोडव्यांचा नाद

चाळकेवाडीच्या पठारावर वारा असा असतो, की बोललेलं वाक्य अर्धं आपल्याजवळ राहतं आणि अर्धं दरीत जातं. म्हणून पिसाळसाहेबांनी आधी हातानंच खूण केली, मागे हो. मग जवळ येऊन म्हणाले, "ओवी, तांबडा आलाय."

मी खाली पाहिलं. पवनचक्कीच्या मनोऱ्याच्या दारापुढं जमिनीत बसवलेली पट्टी होती. तिच्यावर माझी अनवाणी पावलं होती आणि दाराच्या चौकटीत तांबडा दिवा होता. दार उघडलं नाही. बाळंतपणाची रजा संपवून मी त्या दिवशी पहिल्यांदा कामावर आले होते. लग्न झाल्यावर लगेचच ही नोकरी लागली, तेव्हापासून याच दारानं आत शिरून मी शिडी चढत होते, वर पात्यांच्या मुळाशी बसून बोल्ट आवळत होते, आणि एकदाही दिवा हिरव्याशिवाय लागला नव्हता. मी उतरले, पुन्हा चालले. पुन्हा तांबडा.

पिसाळसाहेब माणूस वाईट नाही. नियम कंपनीचा आहे, आपल्या हातात काही नाही, असं त्यांनी दोन-तीनदा सांगितलं. मला खाली कंट्रोल रूममध्ये खुर्ची दिली, स्क्रीन दिला. जाताना म्हणाले, बाळंतपणात होतं असं. स्वतःची दोन बाळंतपणं झाल्यासारखं.

नादपट्टी आता सगळीकडं आहे. कारखान्याच्या दारात, शाळेच्या, व्यायामशाळेच्या, भरतीच्या मैदानावर. तिच्यामागचं शास्त्र साधं आहे. टाच जमिनीवर पडली की एक बारीक धक्का हाडातून वर जातो आणि परत येतो. हाड बाहेरून भरीव दिसलं तरी आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. जाळी दाट असेल तर धक्का झरझर जाऊन येतो, त्याचा नाद स्वच्छ उमटतो. जाळी विरळ झालेली असेल तर तो रेंगाळतो, अडखळतो आणि बसका होऊन परततो. पट्टी तो नाद ऐकते, त्यातून माणसाचं वजन, चाल, टाचेची जाडी वजा करते आणि हिरवा, पिवळा नाहीतर तांबडा दिवा लावते. बाजारात माठ घेताना आपण बोटाच्या पेरानं वाजवून बघतो, तसंच. चांगला माठ खणखणीत वाजतो. तडा गेलेला बद्द वाजतो.

लोकांनी शब्दही तेच उचलले. पट्ट्या आल्या त्या वर्षी सगळ्यांना धक्का बसला होता, कारण बद्द निघालेली माणसं आजारी नव्हती. धडधाकट होती. जिममध्ये दंड फुगवणारी पोरं, उन्हात छत्री आणि ताटात चमचाभर भात घेणाऱ्या मुली, दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी टेकडीला जाणारे बाप्ये. दर तिघांत एक. हाड विरळ होतं तेव्हा दुखत नाही, खुपत नाही. मोडतं तेव्हाच कळतं. पट्टीनं ते आधी सांगितलं, हे तिचे उपकारच होते. पण मग लग्नाच्या बैठकीत मुलगी खणखणीत आहे ना, असं विचारू लागले. शाळेत कुणी धडपडलं की पोरं 'बद्द, बद्द' म्हणून चिडवू लागली. आणि तांबड्या दिव्याच्या माणसासाठी सूचना ठरून गेल्या: बसून काम करावं, उड्या मारू नयेत, जिना टाळावा, पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये.

पाच किलो. माझी कस्तुरी तेव्हा नऊ महिन्यांची होती आणि पाच किलो तिनं कधीच मागं टाकले होते.

कंपनीच्या डॉक्टरांनी सूचना घरच्यांच्या फोनवरही पाठवल्या. त्यामुळं मी साताऱ्यात घरी पोचले तोवर सगळं ठरलं होतं. अद्वैतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, भाड्यानं एक 'कडेवाला' मागवला होता. नाव लोकांनीच ठेवलेलं. चाकांवरचा खांब, त्याला दोन मऊ हात. बाळाला खालून अलगद उचलून तो आपल्या मांडीपाशी आणून धरतो. आपण फक्त पोटाशी घ्यायचं.

माझ्या सासूबाई, स्नेहल मॅडम, साताऱ्यात कबड्डीच्या कोच म्हणून सगळ्यांना माहीत; मी त्यांना आई म्हणते. साठी आली तरी ट्रॅक पँट आणि मनगटात शिट्टी. त्यांच्या चालण्यानं घरातली भांडी हलतात. हॉलच्या दारामागं त्यांची गुंडाळायची नादपट्टी उभी असायची, संघातल्या मुलींना तपासायला. दर रविवारी सकाळी ती अंथरून त्या स्वतः तिच्यावरून जायच्या आणि हिरवा दिवा लागला की स्वयंपाकघराकडं बघून म्हणायच्या, खणखणीत. मी बाळंतीण, मग अंगावर पाजणारी, म्हणून माझ्यासाठी ती पट्टी कुणी अंथरली नव्हती.

त्या संध्याकाळी आई माझ्यावर रागावल्या, म्हणजे काळजीनं. दूध तोडू या म्हणाल्या. पोरीनं तुला आतून पोखरलंय. आमच्या काळात डिंकाचे लाडू मुकाट्यानं खायचो, तू अर्धे अद्वैतला चारलेस, मला काय कळत नाही? कस्तुरी सतरंजीवर बसली होती. तिनं माझ्याकडं बघून दोन्ही हात वर केले. मी माझे हात पाठीमागं धरले. कडेवाला घरघरत पुढं आला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हात खाली घेतले. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर फरीदा शिकलगार यांच्याकडं मी हट्टानं गेले. हाडांच्या डॉक्टर, बोलायला कडक, हात मात्र मऊ. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, दूध पाजताना आईच्या हाडातून चुना जातो हे खरं. पण तो थोडा जातो आणि दूध सुटल्यावर बहुतेक परत भरून येतो. हिरव्यापासून तांबड्यापर्यंतची घसरण वर्षभरात होत नाही. त्यांनी मोठ्या यंत्रावर माझ्या कमरेचा आणि खुब्याचा फोटो काढायला लावला. फोटोत तांबड्याला दुजोरा मिळाला.

"मग गणित जुळत नाही," त्या म्हणाल्या. "आजचा दिवा खरा आहे. तुमचे आधीचे सगळे हिरवे कुठून आले, ते मला सांगा."

ते मला माझ्या लेकीनं सांगितलं.

रजेचे थोडे दिवस अजून मिळाले होते. सकाळी मी कस्तुरीला खिमट भरवत होते. तिचं तोंड माझ्याकडं होतं. अचानक तिनं मान वळवून दाराकडं पाहिलं आणि हसली. मग दारातून आई आल्या. दुपारी पुन्हा तेच. आजी दिसायच्या आधी मान वळायची. मी मुद्दाम उठून आतल्या खोलीत गेले आणि परत आले. तिनं मान वळवली नाही. मी जवळ येऊन वाकले तेव्हा दचकली.

मी जमिनीवर बसून ऐकलं. आई चालत होत्या. टाच, आणि लगेच टिक. टाच, टिक. फरशीवर चांदीचा तो बारीक आवाज मी इतकी वर्षं ऐकत होते, म्हणजे ऐकतच नव्हते. जोडवी.

माझीही होती. सातव्या महिन्यात पाय सुजले, बोटं वांग्यासारखी झाली, तेव्हा सोनारानं कातरून काढली. पुढं घालायची राहूनच गेली. मी कपाटातून ती पुडी शोधली, पकडीनं वाकवून बोटांत बसवली, दारामागची पट्टी अंथरली आणि तिच्यावरून चालले.

हिरवा.

काढली, पुन्हा चालले. तांबडा.

पट्टी टाचेचा नाद ऐकते. पण पाऊल टाचेवरून पुढं कलंडतं आणि त्याच क्षणी जोडवं पट्टीवर वाजतं. चांदीचा स्वच्छ नाद हाडाच्या बसक्या नादावर सांडतो, आणि यंत्र बिचारं दोन्ही मिळून हाडाचंच समजतं. मी पट्टीच्या कडेला छापलेली सूचना वाचली. पहिल्यांदाच वाचली. 'पादत्राणे व धातूच्या सर्व वस्तू काढून ठेवाव्यात.' म्हणजे बनवणाऱ्यांना माहीत होतं. त्यांनी प्रयोगशाळेत सगळं काढायला लावलं असणार. मीही रोज मनोऱ्याच्या दारात किल्ल्या काढायचे, पट्टा काढायचे, अंगठी काढायचे. शेजारी उभ्या असलेल्या पिसाळसाहेबांनाही कधी सुचलं नाही की माझ्या पायांकडं बोट दाखवावं.

अद्वैत घरी आल्यावर मी त्याला चालून दाखवलं. तो आधी हसला, मग म्हणाला, मग प्रश्नच मिटला. घाल आणि चढ. इतकी वर्षं चढलीस, काही मोडलं का? तुझं काम तुला मिळेल, कस्तूही तुझ्याकडं येईल. त्याला मी होते तशी परत हवी होते, त्यात त्याचं काय चुकलं? आणि मोह मलाही झाला. खूप झाला. त्या पठारावर वरून कासच्या बाजूचे ढग आपल्या खालून जाताना दिसतात. जोडवी माझ्या बोटांत होती आणि दार उघडणार होतं.

पण रविवारी कराडला आईंचा सामना होता. ज्येष्ठ महिलांची कबड्डी. आई उजव्या कोपऱ्यात पकडीला उभ्या राहायच्या, चढाई करणारीच्या पायाला झेप घालायच्या, आणि त्यांच्या अंगावर तीन-तीन बायका पडायच्या. माझा हिरवा खोटा होता तर त्यांचा कुठून आला होता? मी जोडवी घालून गप्प बसले असते, तर रविवारी त्या माझ्याच खोट्यावर झेप घेणार होत्या. मी जोडवी काढून मुठीत धरली आणि त्यांच्या खोलीत गेले.

मी सांगितलेलं त्यांनी नीट ऐकून घेतलं. सूचना वाचली. मग चष्मा काढला.

"वस्तू म्हणजे किल्ल्या, मोबाइल," त्या म्हणाल्या. "जोडवी काय वस्तू आहेत?"

मी म्हटलं, एकदाच काढून चाला, लगेच घाला. त्यांनी मान हलवली. तू घालत नाहीस त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला का, असं विचारलं. खरंच नव्हता काढला. मग माझ्या पायाला हात लावू नकोस, म्हणाल्या. लग्नात चढवलीत, ती मी सामन्यातसुद्धा चिकटपट्टी लावून ठेवते, कधी उतरवली नाहीत, आता मशीनसाठी उतरवू? आवाज चढला होता. पण मी त्यांना ओळखते. चढलेल्या आवाजाखाली त्या घाबरल्या होत्या. दिव्याला.

दारात बाबा उभे होते. माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते. घरात फारसे बोलत नाहीत, सगळं बोलणं घाटात हॉर्न वाजवून संपवलंय असं आई म्हणतात. ते आत आले आणि पलंगापाशी खाली बसले.

"जोडवी कधी काढतात, स्नेहल?"

"असलं काही बोलू नका."

"मी गेल्यावर काढतात. मी गेलोय का? हा काय, बसलोय. मी असताना मीच काढली, तर कोण काय म्हणणार?"

त्यांनी मला खोबरेल तेलाची बाटली आणायला सांगितलं. आईंनी पाय आखडून घेतला, मग हळूच सैल सोडला. सांधे फुगलेले होते, जोडवं अडत होतं. बाबा तेल लावून थोडं फिरवायचे, थांबायचे, त्यांच्या तोंडाकडं बघायचे, पुन्हा फिरवायचे. दोन्ही निघाली तेव्हा बोटांभोवती पांढरीफटक, नव्या कातडीची कडी उरली होती. बाबांनी जोडवी आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. माझ्याकडं आहेत, म्हणाले.

आई पट्टीवरून चालल्या. टाच, आणि पुढं काहीच नाही. तो आवाज नसलेलं त्यांचं चालणं मी पहिल्यांदा ऐकलं. हॉलमध्ये कस्तुरीनंसुद्धा मान वळवली नाही.

तांबडा. गडद, न लुकलुकणारा.

त्या म्हणाल्या, पट्टी बिघडली असेल. पुन्हा चालल्या. मग पट्टीच्या टोकाला तशाच जमिनीवर बसल्या. बराच वेळ पांढऱ्या कड्यांवरून बोट फिरवत राहिल्या.

"पोरींना मी काय शिकवते माहीत आहे? पडायला घाबरायचं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि मी स्वतः काचेची. चल, कळव त्या डॉक्टरीणबाईंना. सगळं कळव. आणि तो खांब परत पाठवून दे. घरात दोघी बद्द असल्यावर कुणी कुणाला बसवायचं?"

रविवारी त्या कराडला गेल्या, पण बाकावर बसून शिट्टी वाजवायला.

मोठ्या यंत्रानं आईंचं माझ्याहून वाईट सांगितलं. मणका आणि खुबा दोन्ही नाजूक. त्यांना इंजेक्शनं सुरू झाली. नाचणी, तीळ, दूध आणि दुपारचं ऊन आम्हा दोघींना. डॉक्टर शिकलगारांनी जोडव्यांची गोष्ट वर कळवली, पण आम्हाला समोर बसवून त्यांनी एक दुसरीच गोष्ट सांगितली. हाड भिंतीसारखं एकदा बांधून झालं असं नसतं. शरीर ते रोज थोडं पाडतं आणि रोज थोडं बांधतं. भार आला, धक्का आला, की बांधणारे गवंडी जागे होतात. माणसाला नुसतं बसवून ठेवलं की पाडणारेच कामावर येतात. तांबडा दिवा लावणं ठीक होतं; तांबड्याला खुर्ची देणं ही चूक. आईंनी वाकून झटके द्यायचे नाहीत, झेप विसरायची, पण टाचा उचलून आपटायच्या, जिना चढायचा, आधार धरून उभ्यानं जोर लावायचा. मी त्याहून जास्त.

"तुम्हाला असं वजन हवं, की जे रोज अगदी थोडं थोडं वाढत जाईल," त्या मला म्हणाल्या. "एकदम वाढलेलं नको. घरात आहे का काही तसलं?"

कस्तुरी माझ्या मांडीवरून त्यांच्या टेबलावरचा पेन ओढत होती. डॉक्टरांनी तिच्याकडं चष्म्यावरून पाहिलं.

"ही चालेल. पाठ ताठ ठेवायची, गुडघ्यात वाकून उचलायची. दिवसातून कितीही वेळा."

मी तिथंच उठून उभी राहिले आणि तिला उचललं. डॉक्टर मान खाली घालून उगाच काहीतरी लिहीत बसल्या.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. पट्ट्यांवरची सूचना बदलली, त्यात 'जोडवीसुद्धा' असा शब्द आला आणि गावोगावच्या बायका एका आठवड्यात हिरव्याच्या तांबड्या झाल्या. भाजी मंडईत एका नर्सनं मला अडवलं. तुझ्या हुशारीनं माझी वॉर्डातली ड्युटी गेली, म्हणाली, आता टेबलावर बसून गोळ्या मोजते. काही घरांतून सुनांना जोडवी काढायला बंदी झाली. उलट भरती होणारी काही पोरं मोज्यात लपवून जोडवी घालताना सापडली, त्यावर महिनाभर सगळा सातारा हसला.

त्या नर्सबद्दल आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बोलाव तिला गच्चीवर. दुपारी, उन्हात. तिथून तो वर्ग सुरू झाला. त्याला नाव पडलं 'धपधप'. कठड्याला धरून सगळ्यांनी टाचा उचलायच्या आणि धप्प आपटायच्या. ज्यांना झेपेल त्यांनी दोरीवरच्या उड्या, जोडीजोडीनं फुगड्या. जिन्याच्या तोंडाशी बाबांनी एक वाटी ठेवली, येतानाच सगळ्यांची जोडवी त्यात. जाताना कुणाचं कुठलं यावरून रोज गोंधळ. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी तक्रार घेऊन वर आले, छताची माती पडते म्हणाले. आईंनी त्यांना पट्टीवर चालवलं. दुसऱ्या दिवसापासून ते कठड्याच्या टोकाला उभे राहून सगळ्यांत जोरात आपटू लागले.

मी कंट्रोल रूममध्ये बसत होते. स्क्रीनवर माझ्या पवनचक्क्या फिरत होत्या आणि मी टेबलाखाली टाचा आपटत होते. पिसाळसाहेब आधी हसायचे. मग डॉक्टर शिकलगारांच्या अहवालानंतर कंपनीनं नियम बदलला: तांबड्याला नुसती खुर्ची नाही, व्यायामाची तयारी; पिवळ्याला मनोऱ्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत परवानगी. हाड फार सावकाश बांधलं जातं. एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला, दिवा तांबडाच राहिला. मला वाटायचं, निदान लुकलुकावा तरी. कस्तुरी उभी राहायला लागली, चालायला लागली. आणि तिची चाल आम्हा सगळ्यांहून वेगळी निघाली. तिला वाटलं, चालायचं म्हणजे टाच आपटायची. घरभर धप्प, धप्प. आता ती येतेय हे आम्हाला आधी कळतं.

परवा सगळे माझ्याबरोबर पठारावर आले होते. आई, बाबा, अद्वैत आणि ती. मी बूट काढले, मोजे काढले. बोटं मोकळी होती. वारा तसाच होता. मी पट्टीवर पाऊल टाकलं, टाच आधी, आणि दुसरं, आणि मग मान वर करून चौकटीकडं पाहायला मला जरा वेळ लागला.

"पिवळा," पिसाळसाहेब म्हणाले. वाऱ्यानं शब्द नेला, पण ओठ दिसले. दार उघडलं.

आईंनी शिट्टी वाजवली. पहिला टप्पाच, वर नाही, असं मला तीनदा बजावलं. बाबांचा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशावर गेला.

मी पट्टा बांधत होते तेवढ्यात कस्तुरी पट्टीवर चढली. धप्प. दिवा लागला नाही. एवढ्या हलक्या माणसाचा नाद पट्टीला ऐकूच येत नाही. तिनं चौकटीकडं पाहिलं, पुन्हा जोरात टाच आपटली. काही नाही. मग यंत्राचा नाद सोडून ती माझ्याकडं वळली आणि दोन्ही हात वर केले.

मी पाठ ताठ ठेवली, गुडघ्यांत वाकले आणि तिला कडेवर घेतलं. कालच्यापेक्षा किंचित जड.